कोअरमधला पांढरा खडा बघून भुलू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझं पीएचडीचं तिसरं वर्ष आठवलं. तुम्ही लिहिलंय, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला समुद्रतळाखालचा मिथेन हायड्रेटचा (बर्फासारख्या खड्यात अडकलेल्या मिथेनचा) गाळ, सोळा-एस सिक्वेन्सिंग (जनुकावरून सूक्ष्मजीव ओळखणं), आणि हाती आलं ते राल्स्टोनिया नि स्यूडोमोनास हे बॅक्टेरिया, मिथेन खाणारे एएनएमई आर्किया (बॅक्टेरियांहून वेगळ्या गटाचे सूक्ष्मजीव) शून्य. आता डीएनए काढायला दुसरं कुठलं किट घेऊ, असं विचारताय. नुसतं किट बदलून काही होणार नाही, असं माझं मत.

मी सॅम्पल निवडतानाच चुकले. हायड्रेटच्या पांढऱ्या खड्यांना चिकटलेला गाळ घेतला, वाटलं जिथे मिथेन तिथेच हे असणार. पण कोअर (समुद्रतळातून नळीत काढलेला गाळाचा लांब दंडगोल) वर येईपर्यंत हायड्रेट वितळायला लागतं, एक वाटी हायड्रेटमधून साधारण 160 वाट्या गॅस सुटतो, गाळ फसफसून घुसळलेल्या दह्यासारखा होतो, ग्लोव्हजमधूनही बोटं गारठतात. असल्या पातळ चिखलात लायनरजवळचं (कोअरभोवतीच्या नळीजवळचं) समुद्राचं पाणी पार मधपर्यंत शिरतं. मी तोच काढला आणि जिवापाड जपून उणे 80 ला ठेवला.

दुसरं म्हणजे एएनएमईची खरी गर्दी असते वरून येणारं सल्फेट आणि खालून येणारा मिथेन जिथे भेटतात त्या थरात. 2000 साली ओरेगॉनजवळच्या हायड्रेट रिजवर आर्कियांचे पुंजके नि त्यांच्याभोवती सल्फेट वापरणारे बॅक्टेरिया दिसले, ते असेच. हा थर कुठे काही सेंटीमीटरवर, कुठे 20 मीटर खाली, सल्फेटचे आकडे बघितल्याशिवाय कळतच नाही. आणि आमचे पोअर वॉटरचे (गाळाच्या कणांमधल्या पाण्याचे, ज्यातून सल्फेट कळतं) आकडे एका ऑफिसने नऊ महिने दाबून ठेवले, दर फोनला "फाइल वर गेलीय". आकडे आले तेव्हा कळलं की माझं सॅम्पल त्या थराच्या कितीतरी खालचं, तोवर वरचा गाळ दुसऱ्यांनी संपवलेला. अजून संताप होतो.

म्हणून आधी सल्फेट प्रोफाइल (खोलीप्रमाणे सल्फेटचे आकडे) मागा, लेखी मागा, गाइडना सीसीत ठेवा. गाळ कोअरच्या मधोमधचा, घट्ट असलेलाच घ्या. किटचा ब्लँक (सॅम्पल न घालता) चालवा, राल्स्टोनिया बहुतेक वेळा किटच्या रीएजंटमधूनच (रसायनांमधूनच) येतो. प्रायमर (कुठलं जनुक वाचायचं ते ठरवणारे डीएनएचे तुकडे) फक्त बॅक्टेरियाचे असतील तर आर्किया दिसणारच नाहीत, अशा मिथेनवाल्या आर्कियांमधला एमसीआरए जीन करून बघा. हायड्रेटच्या थरात जेएस-1 किंवा क्लोरोफ्लेक्सी हे बॅक्टेरियांचे गट मिळाले तर टाकू नका, ते तिथलेच रहिवासी.

अर्थात तुमचा कोअर मी पाहिलेला नाही, साइटप्रमाणे फरक पडतो. सॅम्पल नेमकं किती मीटरवरचं आहे ते सांगाल का?