टोकियोत ट्रेनमध्ये कॅमेऱ्याची बॅग राहिली. परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी यामानोते लाइनवरून शिंजुकूला उतरताना कॅमेऱ्याची बॅग वरच्या रॅकवर राहिली, परवा परतीचं विमान आहे, आणि ‘जपानमध्ये सगळं परत मिळतं’ असं जो तो सांगतोय म्हणून तुम्ही हॉटेलवर फोनची वाट बघताय. आधी हॉटेलातून निघा. उरलेलं उत्तर वाटेत वाचा. बॅगेवर तुमचं नाव-नंबर नसेल तर तुम्हाला फोन करणार कोण?

शिंजुकूत पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात आणि हरवलेल्या वस्तू प्रत्येकीच्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. यामानोते जेआरची (जपान रेल्वेची) आहे, तेव्हा जेआरच्याच खिडकीवर जा. इंग्रजी जुळलं नाही तर ‘वासुरेमोनो’ (विसरलेली वस्तू) एवढं म्हणा, पुढचं ते समजून घेतात. तिथे जाण्याआधी मात्र काल उतरलात त्या प्लॅटफॉर्मवर जा. समोर कुठला जिना होता, कुठलं मशीन होतं ते आठवून त्याच जागी उभे राहा आणि खाली बघा. डबा क्रमांक आणि दार क्रमांक जमिनीवर लिहिलेले असतात. गाडी इकेबुकुरोकडे जाणारी होती की शिबुयाकडे, तेही तिथेच कळेल. वेळेसाठी फोन चाळा, ‘उतरलो’ असा मेसेज कुणाला तरी केलेला असतोच. दिशा, वेळ, डबा आणि रॅक डावीकडचा की उजवीकडचा, एवढं सांगू शकलात की तुमचा शोध ‘काळी बॅग हरवली’ म्हणणाऱ्या माणसाच्या शोधापेक्षा फार वेगळा होतो. काळ्या बॅगा तिथे ढिगाने असतात.

यामानोते वर्तुळाकार आहे. ३४.५ किलोमीटर, ३० स्टेशनं, एका फेरीला साधारण तास. म्हणजे तुमची बॅग तुम्हाला सोडून प्रदक्षिणा घालत राहिली असणार आणि कुठल्याही स्टेशनवर उतरवली गेली असेल. शिंजुकूला ‘नाही’ म्हणाले तर तो शेवटचा नकार समजू नका. त्यांनाच यादी पुन्हा बघायला सांगा, आज दुपारी आणि उद्या सकाळीही विचारा. नोकरीनिमित्त मी टोकियोत होतो तेव्हा पाहुण्या आलेल्या मावसभावाचा कॅमेरा असाच गेला. पहिल्या दिवशी दोनदा ‘नाही’ ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तो याच लाइनवरच्या उएनो स्टेशनात सापडला. तिथल्या बाईंनी बॅग आधी दाखवलीच नाही. आत काय काय आहे ते विचारत बसल्या. लेन्स पायमोज्यात गुंडाळलेली आहे म्हटल्यावर त्या हसल्या आणि आत गेल्या. कॅमेऱ्याचा सिरियल नंबर खोक्यावर किंवा बिलावर असतो. घरच्यांना आत्ताच फोटो काढून पाठवायला सांगा.

आता ‘सगळं परत मिळतं’ याबद्दल. २०१८ साली टोकियोच्या पोलिसांकडे दीड लाखाहून जास्त मोबाइल जमा झाले आणि त्यांतले ८३ टक्के मालकांकडे परत गेले. त्याच वर्षी तीन लाखांहून जास्त छत्र्या जमा झाल्या. परत गेल्या जेमतेम एक टक्का. आणून देणारी माणसं तीच, प्रामाणिकपणाही तोच. फोनचा मालक ओळखता येतो आणि तो जिवाच्या आकांताने शोधत येतो, छत्रीचा मालक नवी घेतो. म्हणून तुमचा प्रश्न जपानी लोक किती चांगले हा नाही. तुम्ही फोनवाल्यासारखे वागता की छत्रीवाल्यासारखे, हा आहे. (ते व्हॉट्सॲपवर फिरणारे जपानी संस्कारांचे निबंध मला म्हणूनच अर्धवट वाटतात. संस्कार आहेतच, पण त्यांच्यामागे कायदा, पावती आणि गोदामसुद्धा आहे.)

पोलिसांकडे आजच जा. रस्त्यावरची कोबान, म्हणजे छोटी चौकी, चालते. वस्तू हरवल्याची नोंद करा आणि तिचा क्रमांक मागून घ्या. प्रवास विमा असेल तर त्या क्रमांकाशिवाय दावा पुढे सरकत नाही. अर्जात ‘चोरी’ लिहायचा मोह टाळा. बॅग राहिली आहे, तेच लिहा. विसरलेल्या वस्तूला बऱ्याच पॉलिसींत भरपाई नसते, तेव्हा अटी वाचून ठेवा. पासपोर्टही त्याच बॅगेत असेल तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि नोंद घेऊन आधी भारतीय दूतावास गाठा.

रेल्वेकडे काही दिवस राहिलेल्या वस्तू पोलिसांकडे जातात आणि शेवटी टोकियोतल्याच इइदाबाशी भागातल्या, हरवलेल्या वस्तूंच्या मोठ्या केंद्रात पोहोचतात. कायद्याने त्या तीन महिने ठेवतात. म्हणजे परवा रिकाम्या हाताने विमानात बसलात तरी विषय संपत नाही. मात्र पार्सल परदेशी येईल या भरवशावर राहू नका. टोकियोत कुणी ओळखीचं असेल तर तुमच्या वतीने वस्तू घ्यायचं सहीचं पत्र आणि पासपोर्टची प्रत निघण्याआधी त्यांच्याकडे द्या. कुणीच नसेल तर हॉटेलच्या रिसेप्शनला विचारा, पण गळ घालू नका. तीन महिन्यांची जबाबदारी आहे ती.

बॅग मिळाली तर सही करताना एक गोष्ट विचारून घ्या: सापडवणाऱ्याने आपला हक्क सोडला आहे का? सोडला नसेल तर वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागण्याचा त्याला अधिकार आहे. ट्रेनमध्ये किंवा स्टेशनात सापडलेल्या वस्तूसाठी त्याच्या वाट्याला याच्या निम्मं येतं. बरेच जण काहीच मागत नाहीत. पण नाव-नंबर दिलेला असेल तर निदान एक फोन करा. भाषा येत नसेल तर हॉटेलातल्या कुणाला तरी बोलायला लावा.