‘मंदगती त्वरक’ आणि ‘आयन’

कणांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्राला ‘मंदगती रेषीय त्वरक’ म्हणणे हा वदतोव्याघात नाही का, आणि त्या संदर्भात येणारा ‘आयन’ (विद्युतभार असलेला अणू किंवा रेणू) हा शब्द मराठी मानावा का, असे एका वाचकाने विचारले आहे.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. मंद असतात ते आयन, त्वरक नव्हे. तरीही हा चुकीचा प्रयोग व्याख्यानांतून सतत कानांवर आदळतो. ‘मंदगती आयनांचा रेषीय त्वरक’ असेच लिहावे. ही मंदगतीही प्रकाशवेगाच्या तुलनेतली आहे. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लिनॅक-४ या त्वरक-यंत्रणेत हायड्रोजनचे ऋण आयन पहिल्या त्वरकात, म्हणजे अवघ्या तीन मीटरांत, प्रकाशवेगाच्या सुमारे १ टक्क्यावरून ८ टक्क्यांवर जातात, आणि १ टक्का म्हणजे सेकंदाला सुमारे ३,००० किलोमीटर! मात्र चुंबकीय बल वेगाच्या प्रमाणात असल्यामुळे एवढ्या वेगाचा झोतही चुंबकाला नीट आवरत नाही. म्हणून तिथे नागमोडी कडांची धातूची चार पाती विद्युतक्षेत्रानेच त्याला आवळतात, त्याचे पुंजके करतात आणि पुढे ढकलतात.

खरा आनंद ‘आयन’मध्ये आहे. मायकेल फॅरडे यांनी विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने १८३४ मध्ये रूढ केलेल्या या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारे’ असा आहे, आणि त्याचा क्रियाधातू आपल्या संस्कृत ‘इण् गतौ’मधल्या ‘इ’चा (म्हणजे ‘जाणे’चा) सख्खा भाऊ आहे. उदय, व्यय, प्रत्यय आणि उत्तरायणातले ‘अयन’ हे सगळे याच ‘इ’चे वंशज. ‘आयन’ थेट ‘अयना’पासून आला, असे सांगणारे अभ्यासक मात्र साफ चुकतात, तो इंग्रजी उच्चारावरून आला, म्हणजे नाते चुलतभावाचे आहे. त्याऐवजी ‘विद्युतभारित कण’ सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांशी तर मी मुळीच सहमत नाही, कारण इलेक्ट्रॉनही विद्युतभारित कणच आहे, पण त्याला कोणी आयन म्हणत नाही. ‘आयनांचा’, ‘आयनीभवन’ अशी रूपे सहज होत असताना हा शब्द परका कसा?

माझ्या मते या नावाचे सार्थक त्वरकातच होते. नॉर्वेजियन अभियंते रोल्फ विडेरो यांनी १९२८ मध्ये २५ हजार व्होल्टचा दाब दोनदा वापरून पोटॅशियमच्या आयनांना ५० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा दिली. त्याच तत्त्वावरच्या पुढच्या त्वरकांत नळ्यांची रांग असते आणि प्रत्येक नळी आधीच्या नळीपेक्षा थोडी लांब असते, कारण तेवढ्याच वेळात आयन आता अधिक अंतर ‘जातो’.