बॉर्डरवरच्या नवऱ्याला घरचं टेन्शन सांगायचं की नाही?

"मॅडम, मिस्टर बॉर्डरवर आहेत, इथं घरात रोज काहीतरी चालूच असतं, त्यांना सांगू की नको?" हे मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, फौजींच्या सातारा जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करते म्हटल्यावर नवल नाही. आधी मी पटकन सांगून टाकायचे, नका सांगू, तिकडं त्यांचं लक्ष उडेल. आता नाही सांगत. ज्या केसमुळे बदलले ती लिहिते, दोघांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

२०२५ चा मे. फौजेतला एक हवालदार वार्षिक सुट्टीवर आलेला, ६० दिवसांतले जेमतेम ११ झालेले, तेवढ्यात युनिटमधनं फोन, ताबडतोब निघा. ७ मेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा हा ट्रेनमध्ये. १० तारखेला गोळीबार थांबला, टीव्हीवाले दुसऱ्या विषयाला लागले आणि गावातले ह्याच्या बायकोला, म्हणजे ताईंना, म्हणायला लागले आता काय टेन्शन नाही बाई तुला. पण ह्याची पलटण पुढंच बसलेली, ते कोणाच्या लक्षात राहतंय.

जूनमध्ये सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात चुलत दिरानं ट्रॅक्टर घालून बांध हातभर कोरला. माझ्याकडं ताई आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. मी काय सांगितलं असेल? तेच. ऑपरेशन नीट झालंय ना, मग आत्ता कशाला, चालायला लागल्या की सांगा. चूक माझी होती, त्यांची नाही.

तो फोन करायचा संध्याकाळी पाचच्या सुमाराला. पोस्टवर एकाच कोपऱ्यात रेंज, तिथं रांग, त्यामुळे पाच मिनिटं. आईला दे म्हणाला की ह्या म्हणायच्या, झोपल्यात. एकदा, दोनदा, चारदा. मग त्याचा फोन यायचाच बंद झाला, आणि आठ दिवसांनी आला तो एकाच वाक्याचा, "अजून काय काय लपवलंयस?"

मधल्या आठ दिवसांत काय झालं ते त्यानं पुढच्या सुट्टीत दोघं सोबत आले तेव्हा सांगितलं. रात्री संतरी ड्युटी, ती संपली की बंकरमध्ये आडवं व्हायचं, बूट पायातच, ड्रोनसारखा आवाज आला की सगळे गप्प, आणि काहीच होत नसलं की डोकं सरळ घरी. "मॅडम, पाच वाजता माझी आई आयुष्यात कधी झोपली नाही. पाचला ती चहा टाकते आणि शेजारणीशी भांडते." त्यानं मनात पक्कं करून टाकलं होतं की आई गेली आणि आपल्याला सांगत नाहीत. बाजूच्या सोबत्यानं भर घातली, आमच्या गावातल्या एकाचं पण असंच दडवलं होतं म्हणे. तीन रात्री ह्यानं एकट्यानं सुतक पाळलं. लंगरमधनं, म्हणजे पलटणीच्या मेसमधनं, ताट टाकून उठायला लागला तेव्हा सुभेदार साहेबांनी बसवून विचारलं, आणि त्यांनीच गावातल्या एका रिटायर्ड फौजीला फोन लावून दिला. खुबा मोडलाय, वॉकर घेऊन चालते, हे ऐकून हा आधी हसला मग रडला. राग नंतर आला.

म्हणजे आम्ही दोघींनी मिळून त्याची एका मोडलेल्या हाडाची काळजी वाचवली आणि त्या बदल्यात आईचं मरण दिलं. मला हे आजही नीट पचलेलं नाही.

तो पण काय धुतल्या तांदळाचा नव्हता. मेमध्ये पोस्टजवळ तोफेचा शेल पडला होता, आठवडाभर एका कानानं ऐकू येत नव्हतं, हे ताईंना कळलं माझ्या खोलीत. त्या बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "म्हणून फोनवर एवढं ओरडत होतात होय."

तिथून पुढं काम सोपं झालं. ठरलं असं की तब्येतीचं काहीच लपवायचं नाही, दोन्हीकडचं, आणि आईनं स्वतः फोनवर एक वाक्य बोलायचं. रोजचे खर्च, शाळा, दवाखाना ह्यात ताई ठरवणार आणि नंतर सांगणार, विचारणार नाहीत. हे मान्य करताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, घरात आपल्यावाचून चालतं हे पचवायला बंकरपेक्षा अवघड जातं बऱ्याच जणांना. लांबलचक विषय पत्रात, ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावर, आणि पत्रावर नंबर टाकायचा, कारण पाचवं आधी अन् तिसरं नंतर पोचलं की भलताच अर्थ निघतो.

राहिला बांध. तो म्हणे मी आल्यावर बघतो त्याला. हे "बघतो" मला नको होतं, म्हणून कागदाकडं वळवलं. जमीन त्याच्या नावावर, तर ताईंच्या नावे मुखत्यारपत्र केलं, भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक अर्ज, आणि युनिटमधनं कलेक्टरला पत्र. कोर्टात गेलंच तर १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आहे, युद्धाच्या ड्युटीवर असलेल्याच्या गैरहजेरीत केस परस्पर उरकू नये म्हणून, आणि आर्मी ॲक्टचं कलम ३२ म्हणतं की सुट्टीचा दाखला दिला तर शक्यतो त्या सुट्टीतच सुनावणी घ्या. वीस वर्षं नोकरी झालेल्यांना पण हे ठाऊक नसतं.

आणि ज्यांच्या जवळपास समुपदेशक नाही त्यांनी टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात एएफएमसीमध्ये, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला.

परवा ताईंचा फोन होता. मोजणीची तारीख अजून आलेली नाही. सासूबाई मात्र रोज पाचला फोन आधी हातात घेतात, ठरलं होतं एक वाक्य, पाचातली चार मिनिटं त्याच खातात, वॉकर कुरकुरतो, सून चहात साखर कमी घालते, शेजारीण अशी बोलली. ताईंच्या वाट्याला एक मिनिट उरतं. त्यावरून आता भांडण आहे.