सॅन अँड्रियासमध्ये बिगफूट खरंच आहे का?

या व्हिडिओ गेमबद्दलचा प्रश्न असा आहे : "जीटीए सॅन अँड्रियासच्या जंगलात बिगफूट, भुताची गाडी, एलियन असं बरंच काही आहे म्हणतात. सलग तीन रात्री शोधलं, काही सापडलं नाही. कोणी स्वतः पाहिलंय का?"

बिगफूट, म्हणजे दंतकथेतला तो केसाळ, माणसासारखा प्राणी, नाही. भुताची गाडी आहे. मी ती पाहिली आहे आणि एकदा तिच्याखाली मेलोही आहे. आता सविस्तर.

२००६ साली मी आठवीत होतो. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये, गुरुवारी वीज गेली की शटर खाली. त्यातल्या चार नंबरच्या मशीनला भलताच भाव, कारण कुणा अज्ञात सज्जनानं तिच्यावर गेम बराच पुढे नेऊन सेव्ह करून ठेवला होता. सॅन अँड्रियासमध्ये सुरुवातीला फक्त लॉस सँटोस शहर आपलं असतं. 'द ग्रीन सेबर' हे मिशन होईपर्यंत दुसऱ्या भागात पाऊल टाकलं की थेट चार तारे, पोलीस मागे. आम्हाला इंग्रजी संवाद कळत नसत, मिशन कोण करतो? म्हणजे जंगलात निवांत फिरायचं तर चार नंबरचीच मशीन. त्यामुळे बिगफूटसुद्धा चार नंबरवरच 'दिसायचा', आणि काही दिवस आमची अशी ठाम समजूत होती की तो त्या मशीनमध्येच राहतो.

आमच्यातल्या एकानं (आता बँकेत मॅनेजर आहे, नाव नको) तो पाहिल्याची शपथ घेतली होती. आम्ही गेलो, दिसला नाही. मग कळलं, रात्रीच जायला हवं. रात्री गेलो. मग कळलं, धुकं हवं. धुकंही झालं, तर म्हणे हातात चेनसॉ असली की तो येतच नाही. तुमच्या तीन रात्रींचंही असंच झालं असणार. पुण्याच्या पोरांना खरं तर हे आधीच कळायला हवं होतं. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, ते 'काका मला वाचवा' शनिवारवाड्यात अजून ऐकू येतं म्हणतात. कधी? कोणी सांगतं अमावास्येला, कोणी पौर्णिमेला. ज्याला ऐकू आलं नाही तो चुकीच्या रात्री गेलेला असतो. आमच्या आजीचं तर म्हणणं होतं की स्कूटरी आल्यापासून आवाज दबला.

पण आम्ही काही अगदीच खुळे नव्हतो. त्या जंगलात काहीतरी हलल्यासारखं खरोखर वाटायचं. मूळ गेम २००४ साली प्लेस्टेशन २ साठी आला, आणि त्या यंत्राची मेमरी ३२ एमबी. एवढ्यात तीन शहरं, वाळवंट आणि डोंगर एकाच वेळी लांबवर दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणून लांबचं सगळं धुक्यात आणि धुरकट प्रकाशात झाकलेलं. आपण पुढे सरकू तशी झाडं त्यातून एकेक उगवतात. कोपऱ्यातलं झाड अचानक उमटलं की मान वळायचीच, आणि मग बाकीचं काम कॅफेतला तो जुना, मळका मॉनिटर करायचा.

भुताच्या गाडीचं कोडं मला फार वर्षांनी सुटलं. 'बॅक ओ' बियाँड' नावाच्या जंगलात गंजकी, ठोकलेली ग्लेंडेल गाडी आत कुणी नसताना तुमच्या दिशेनं येते. दिवा नाही, इंजिनाचा आवाज नाही. आम्ही चौघं एका खुर्चीभोवती बसलेले, चौघांच्याही तोंडून शब्द नाही. कारण इतकं साधं की राग येतो : ती पार्क केलेली गाडी आहे, फक्त उतारावर. तुम्ही जवळ गेलात की गेम ती तिथे आणून ठेवतो, हँडब्रेक लावलेला नसतो, गाडी घरंगळते. मी आता सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. असा बग मी स्वतः 'सावकाश बघू' म्हणून बाजूला ठेवला असता.

अफवांना थोडं खतपाणी बनवणाऱ्यांनीही घातलं. वाळवंटातल्या 'लिल प्रोब इन' या बारमध्ये भिंतीवर उडत्या तबकड्यांचा नकाशा आहे. 'एरिया ६९' हा लष्करी तळ खरा आहे, आत शिरलात की पाच तारे, आणि 'ब्लॅक प्रोजेक्ट' मिशनमध्ये तिथूनच जेटपॅक, म्हणजे पाठीवर बांधून उडायचं यंत्र, पळवायचा असतो. आम्ही अर्थात 'रॉकेटमॅन' हा चीट कोड टाईप करून मोकळे व्हायचो. पण माझा लाडका ऐवज गँट ब्रिजवर. सॅन फिएरोच्या या पुलाच्या मनोऱ्याच्या टोकावर जेटपॅकनं उतरलात तर एक पाटी दिसते. तिच्यावर लिहिलंय : इथे वर कोणतीही गुपितं नाहीत, चालते व्हा. मला आजही खात्री वाटते की ती पाटी लिहिणारा मूळचा नारायण पेठेतला असणार.

बिगफूटबद्दल माझा निकाल मात्र पाट्यांवरून नाही, फायलींवरून आहे. पीसीवर गेममधल्या माणसांची, गाड्यांची मॉडेल्स काही फायलींमध्ये असतात आणि मॉडर मंडळींनी, म्हणजे गेममध्ये आपापले फेरफार करणाऱ्या हौशी लोकांनी, त्या केव्हाच पिंजून काढल्या. बिगफूट असता तर त्याचं केसाळ अंग त्यात असतं. नाही. गंमत म्हणजे त्याच डिस्कवर खरं गुपित होतं आणि त्याची आमच्या कॅफेत कुणी अफवासुद्धा उठवली नव्हती. 'हॉट कॉफी' नावाचा प्रौढांसाठीचा भाग बनवून, मग बंद करून, आतच ठेवला होता. २००५ मध्ये पॅट्रिक विल्डेनबोर्ग या डच मॉडरनं तो उघडला, अमेरिकेत गेमचं मानांकन थेट 'फक्त प्रौढांसाठी' झालं आणि कंपनीला तो भाग काढून नवी आवृत्ती आणावी लागली. आम्ही जंगलात पायपीट करत होतो आणि ऐवज घरातच!

पुढे गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं ही हौस पुरवली. २०१३ च्या जीटीए पाचमध्ये 'प्रेडेटर' मिशनला हेलिकॉप्टरच्या थर्मल दुर्बिणीतून झाडीत एक केसाळ आकृती क्षणभर दिसते. त्याच गेममध्ये बिगफूटच्या शिकारीचं मिशनही आहे, आणि शेवटी निघतो सोंग घेतलेला माणूस. कहर म्हणजे, गेम शंभर टक्के पूर्ण करून पावसात पहाटे तीनला चिलियाड डोंगरावर उभं राहिलात तर तबकडी खरंच दिसते. आमच्या बँक मॅनेजरची अट जशीच्या तशी.

२०२१ मध्ये सॅन अँड्रियासची नवी आवृत्ती आली, तेव्हा धुकंच गायब होतं. विमान वर नेलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खा नकाशा दिसायचा, आपल्या पर्वतीवरून शहर दिसावं तसा. एवढ्याशा जंगलात आपण दोन वर्षं काढली हे पाहून मला गेम बंदच करावासा वाटला. नंतर त्यांनी जुन्या धाटणीचा प्रकाश परत दिला.

तेव्हा बिगफूट सोडा, गाडी बघा. माउंट चिलियाडच्या पूर्वेला 'बॅक ओ' बियाँड'मध्ये पायी जा, उतार शोधा, थोडं लांब जाऊन परत या. नाही दिसली तर पुन्हा एक फेरी मारा. पाऊस, पहाट, धुकं, कशाचीही अट नाही. फक्त उताराच्या खालच्या बाजूला उभे राहू नका.