वाचकांचे प्रश्न : डेटाचा विनोद का फसला?

प्रश्न : धानाची मळणी आटोपली की 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचा रोज रात्री एक भाग पाहायचा, असा आमच्या घरचा नेम आहे. दुसऱ्या पर्वातील 'द आउटरेजस ओकोना' हा विनोदी भाग पाहायला आम्ही मोठ्या उत्साहाने बसलो. परंतु आई मध्येच उठून गेली आणि आम्हांलाही मनापासून हसू आले नाही. भाच्याचे म्हणणे असे की, विज्ञानकथेला विनोद मानवतच नाही. आपले मत काय?
— एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : आपली निराशा रास्त आहे, भाच्याचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

१२ डिसेंबर १९८८ रोजी अमेरिकेत प्रथम दाखवल्या गेलेल्या या भागाची मूळ कल्पना फार चांगली होती. माणसे का हसतात हे यंत्रमानव डेटाला कळत नाही, म्हणून तो यानावरील मद्यालय सांभाळणाऱ्या गायननला विचारतो आणि पुढे होलोडेकवर, म्हणजे हवे ते दृश्य हुबेहूब उभे करणाऱ्या दालनात, एका विनोदी कलावंताची शिकवणी लावतो. घात झाला तो इथे. त्या कलावंताचे विनोद आपल्यालाच इतके मिळमिळीत वाटतात की, ते डेटाला समजले नाहीत यात त्याचे काही उणे आहे असे वाटेनासे होते आणि त्याची सगळी धडपडच निराधार ठरते. ओकोना या मालवाहू यानाच्या कप्तानावरून दोन ग्रहांमध्ये पेटलेले भांडण तर या धाग्याशी कुठे जुळतही नाही.

तरी एक प्रसंग मला लागला. होलोडेकवर निर्माण केलेले प्रेक्षक आपण काहीही केले तरी हसतात, हे डेटाच्या ध्यानात येते आणि फुकटचे ते हसू नाकारून तो निघून जातो. याच प्रसंगाभोवती सगळा भाग रचायला हवा होता. लेखक मात्र तो घाईने उरकतात.

आता १९६७ सालचा, मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेतला, डेव्हिड गेरॉल्ड यांनी लिहिलेला 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' आठवावा. ट्रिबल म्हणजे सतत पिल्ले घालणारा केसाळ गोळा. दुसऱ्या ग्रहावर न्यायचे धान्य अंतराळस्थानकात साठवलेले असते. कॅप्टन कर्क कोठाराचे वरचे दार उघडतो आणि खाऊन तट्ट फुगलेल्या ट्रिबलांच्या ढिगात छातीपर्यंत गाडला जातो. किती असतील याची चर्चा सुरू होताच त्याचा सहकारी स्पॉक शांतपणे १७,७१,५६१ हा आकडा सांगतो. एका ट्रिबलपासून सुरुवात, दर बारा तासांनी नवी पिढी, प्रत्येक वेळी सरासरी दहा पिल्ले, असे तीन दिवस. हिशोब अगदी चोख आहे, कारण प्रत्येक पिढीत संख्या अकरा पट होते. कणगीतल्या धान्याला सोंडे लागल्याचे दुःख ज्याने सोसले आहे, त्याला त्या धान्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचा संताप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिथे कोणीही हसवण्यासाठी बोलत नाही. धान्य गेले ही त्यांची खरीखुरी अडचण आहे, म्हणून आपण हसतो.

झाडीपट्टीच्या रंगभूमीला हे मर्म पुरते ठाऊक आहे. वडशाकडे पाहिलेल्या एका नाटकात मुलगी पाहायला आलेला नवरदेव आपली तुटकी चप्पल सतरंजीखाली सरकवत होता आणि पाहुणे नेमके तिथेच बसायला येत होते. नटाने एकदाही प्रेक्षकांकडे पाहिले नाही, चेहरा रडकुंडीला आलेला, आणि रात्री दोनच्या थंडीत मंडप हसून हसून लोटपोट होत होता. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील कामासाठी.

त्यामुळे पुढच्या रात्री घरात ट्रिबलांचाच भाग लावावा आणि कोठाराचे दार उघडण्यापूर्वी आईंना आवर्जून बोलावून घ्यावे.