भास, भ्रम, संभ्रम: माहितीपत्रकात कोणता शब्द वापरावा?

प्रश्न असा आला आहे: मानसिक आजार असलेल्यांच्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. मूळ मजकुरात हॅल्युसिनेशन आणि डिल्यूजन हे दोन शब्द पानोपानी येतात. पहिल्याला 'भास' आणि दुसऱ्याला 'भ्रम' लिहिलं तर चालेल का, की पाठ्यपुस्तकांतले निर्वस्तुभ्रम, विभ्रम, संभ्रम हे शब्द घ्यावेत? आणि मुळात भास आणि भ्रम यांत मराठी माणूस फरक करतो का?

करतो, आणि तो क्रियापदांत दिसतो. भास 'होतो' आणि होऊन जातो. भ्रमात माणूस 'असतो', 'राहतो', 'वावरतो'. दारावर टकटक झाल्याचा भास होतो. सगळे आपल्यावर खूश आहेत या भ्रमात माणूस वर्षानुवर्षं काढतो. मनोविकारशास्त्रालाही ढोबळमानाने हाच फरक हवा आहे. हॅल्युसिनेशन म्हणजे बाहेर काही नसताना इंद्रियांना काहीतरी जाणवणं, आणि डिल्यूजन म्हणजे मनाने एखादी गोष्ट खरी म्हणून धरून ठेवणं. त्यामुळे तुमची जोडी बरोबर आहे, तीच ठेवा. पण हे दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यातून येताना सोबत एकेक गृहीतक घेऊन येतात, आणि ते गृहीतक आजारात लागू पडत नाही. पत्रक घरच्यांच्या हातात जाणार आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी भास. संस्कृत 'भास्' म्हणजे प्रकाशणं, दिसणं. त्यावरून आपलं भासणे. 'मला तसं भासलं' असं म्हणणाऱ्याने आधीच एक पाऊल मागे घेतलेलं असतं. दिसलं खरं, पण तसं नसावं, हे त्याने मान्य केलेलं असतं. फोन वाजल्याचा भास झाला असं आपण कधी म्हणतो? फोन हातात घेऊन, तो वाजलेलाच नाही हे पाहिल्यावर. म्हणजे 'भास' हा शब्द शहानिशा झाल्यानंतरचा आहे. ज्याला आवाज ऐकू येतात, त्याची ही शहानिशा झालेली नसते. त्याच्यासाठी तो आवाज तुमच्याआमच्या आवाजाइतकाच खरा असतो.

माझ्या आतेभावाला स्किझोफ्रेनिया आहे. आजार जोरात असताना त्याच्या तोंडून 'भास' हा शब्द कधी ऐकला नाही. तो म्हणायचा, 'ते बोलतात.' कोण ते, हे सांगायचा नाही, पण आदरार्थी 'ते' कायम. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायचा, मान किंचित वळवायचा, ओठ हलायचे, आणि पलीकडचं ऐकून झालं की पुन्हा आमच्याकडे बघायचा. पहिल्या तपासणीत त्याला विचारलं गेलं, 'भास होतात का?' तो 'नाही' म्हणाला, आणि तसं नोंदलंही गेलं. तो खोटं बोलला नव्हता. त्याला भास होत नव्हते, त्याच्याशी माणसं बोलत होती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, 'आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?' त्यावर 'हो, येतात की' हे उत्तर लगेच आलं.

म्हणून पत्रकात एक पथ्य पाळा. घरच्यांना समजावताना 'भास' लिहा, पण रुग्णाला विचारायच्या प्रश्नात तो शब्द येऊ देऊ नका. तिथे आवाज ऐकू येणं, माणसं दिसणं, वास येणं, अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटणं अशी साधी वर्णनं हवीत. निदानालाही तपशीलच लागतो. आवाज एकाचा की अनेकांचा? तो तुमच्याशी बोलतो, की ते तुमच्याबद्दल आपसात बोलतात? तुम्ही करता त्या प्रत्येक गोष्टीवर कोणी शेरे मारतं का? काही करायला सांगतं का? आपसात बोलणारे आणि शेरे मारणारे आवाज स्किझोफ्रेनियाकडे बोट दाखवतात, असं कुर्ट श्नायडर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने सांगितलं होतं. आज केवळ तेवढ्यावर निदान करत नाहीत, कारण असे आवाज इतर आजारांतही ऐकू येतात. पण प्रश्न अजून विचारतात, आणि विचारायलाच हवेत.

भासाच्या शेजारी आणखी एक गोष्ट आहे, तिची सरमिसळ टाळा. अंधारात पडलेला दोर साप वाटणं हे आपल्या वेदान्ताचं आवडतं उदाहरण. तिथे दोर असतो. बाहेर काहीतरी आहे आणि ते चुकीचं वाचलं गेलं, हे एक. बाहेर काहीच नाही आणि तरी दिसलं, हे दुसरं. युरोपात हा भेद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एस्किरोल या फ्रेंच डॉक्टरने नीट मांडला. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांनी रज्जुसर्पाच्या परंपरेला धरून पहिल्याला 'भ्रम' म्हटलं आणि दुसऱ्याला 'निर्वस्तुभ्रम', म्हणजे वस्तूच नसलेला भ्रम. शब्द रचणाऱ्याने विचार केला आहे यात शंका नाही. पण मग डिल्यूजनला शब्द उरला नाही, आणि तिथून पुढचा सगळा गोंधळ सुरू झाला.

भास म्हणजे मानसिक आजार, असंही वाचकाला वाटू देऊ नका. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकीकत लिहून ठेवली. मोतीबिंदूने त्यांची नजर गेली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसत. डोकं अगदी ठिकाणावर होतं, दिसतंय ते खरं नाही हेही त्यांना ठाऊक होतं. दृष्टी अधू झाल्यावर होणाऱ्या अशा भासांना आज बोनेचंच नाव आहे. वेल्समधल्या एका डॉक्टरने १९७१ मध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवतं, दिसतं किंवा त्याचा आवाज येतो असं सांगितलं. बहुतेकांनी ते तोवर कोणाला सांगितलंही नव्हतं. झोप लागता लागता आपल्या नावाची हाक ऐकू येणं तर कितीतरी जणांच्या अनुभवाचं आहे. या भासांना 'भास' हा शब्द चपखल बसतो, कारण इथे माणूस स्वतःच म्हणतो की मला भास झाला.

आता भ्रम, आणि माझ्या मते खरी अडचण इथे आहे. 'भ्रम्' म्हणजे फिरणं, गरगरणं. भ्रमण, भ्रमर, भोवरा ही सगळी त्याच घरातली मंडळी. आयुर्वेदात भ्रम म्हणजे चक्कर. रोजच्या मराठीत मात्र भ्रम म्हणजे चुकीची समजूत, आणि ती कधीतरी दूर होते असं आपण धरून चालतो. भ्रमनिरास होतो. भ्रमाचा भोपळा फुटतो. म्हणजे पुरावा समोर आला की भ्रम गेला, अशी भाषेनेच आपली खात्री करून दिलेली आहे.

आजारातला भ्रम असा फुटत नाही, आणि हीच त्याची मुख्य खूण आहे. कार्ल यास्पर्स या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९१३ मध्ये डिल्यूजनची तीन लक्षणं सांगितली: असामान्य खात्री, अनुभवाने किंवा युक्तिवादाने न ढळणं, आणि आशयाची अशक्यता. यातलं दुसरं घरच्यांना आधी समजायला हवं. शेजारी भिंतीतून आपल्यावर पाळत ठेवतात असं मुलगा म्हणतो. वडील भिंत ठोकून दाखवतात, शेजाऱ्यांना घरी बोलावतात, शपथा घेतात. मुलगा म्हणतो, 'बघा, तुम्हालाही त्यांनी फितवलं.' प्रत्येक पुरावा भ्रमातच जिरतो. वडील तासन्‌तास वाद घालतात, कारण त्यांच्या मराठीत भ्रम दूर करता येतो. पत्रकात नुसतं 'रुग्णाला भ्रम होतात' असं छापलं तर ते हेच करत राहतील. 'गैरसमज' लिहिलं तर त्याहून वाईट, कारण गैरसमज दूर करणं हे आपण कर्तव्यच मानतो.

यास्पर्सच्या तिसऱ्या लक्षणावर पुढे बरीच चर्चा झाली, आणि त्याला स्वतःलाही अडचण दिसत होती. जोडीदाराबद्दलच्या संशयाचं उदाहरण घ्या. मराठीत याला 'संशयपिशाच' असा जबरदस्त शब्द आहे. बायको बाहेरख्याली आहे असं नवऱ्याने ठरवलं, का, तर आज खिडकीचा पडदा अर्धा सरकवलेला होता. समजा, योगायोगाने त्याचं म्हणणं खरं निघालं. तरीही तो भ्रमच. तो निष्कर्षापर्यंत कसा पोचला आणि त्याला कसा चिकटून बसला, यात आजार आहे. खऱ्याखोट्याचा निकाल त्यानंतरचा. 'भ्रम म्हणजे खोटी समजूत' ही कोशातली व्याख्या इथे अपुरी पडते. उलट एखाद्या समाजात सगळे मानतात ती श्रद्धा, आपल्याला कितीही न पटली तरी, या अर्थाने भ्रम नव्हे.

असं का होतं, याची एक मांडणी मला फार उलगडा करणारी वाटते. डोपामिन हे मेंदूतलं रसायन कुठली गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे हे ठरवायला मदत करतं. ते अवेळी, भलत्या ठिकाणी उसळलं की पडदा, गाडीची नंबरप्लेट, कोणाचं खोकणं, सगळंच अर्थपूर्ण वाटू लागतं. त्या जाणिवेचं माणूस स्वतःला जे स्पष्टीकरण देतो, तो भ्रम. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये हे मांडलं. औषधांचा परिणामही यातून समजतो. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये अशा आजारांवर क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग दिसून आला. ते आणि त्यानंतरची बहुतेक औषधं डोपामिनचा मार्ग अडवतात. त्यामुळे नवे अर्थ चिकटणं थांबतं. जुनी समजूत मात्र लगेच पुसली जात नाही, आधी तिची धार जाते. आतेभावाच्या बोलण्यात हे व्याकरणात दिसलं. 'ते बोलतात' चं आधी 'ते बोलायचे' झालं, आणि पुष्कळ महिन्यांनी 'मला तसं वाटायचं'. सगळेच रुग्ण 'वाटायचं' पर्यंत येतात असं नाही. न येताही पुष्कळ जण नोकरी करतात, घर चालवतात.

तेव्हा डिल्यूजनसाठी माझी शिफारस 'ठाम भ्रम'. पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडा: 'हा भ्रम समजावून किंवा पुरावे देऊन जात नाही.' पुढे नुसतं 'भ्रम' चालेल. घरची माणसं स्वतः बोलताना 'त्याच्या डोक्यात भलतंच बसलंय' असं म्हणतात, आणि ते वर्णन अचूक आहे. बसलंय, म्हणजे सहज उठणारं नाही. पत्रकाच्या मजकुरात हेही वापरा.

'संभ्रम' मात्र डिल्यूजनसाठी अजिबात नको, पाठ्यपुस्तकांत कुठे आढळला तरी. संभ्रमात पडलेल्या माणसाला काय खरं ते ठरवता येत नाही. भ्रमातल्याला ते पक्कं ठाऊक असतं. दोन्ही अगदी उलट टोकं आहेत. शिवाय संभ्रमाला आपली स्वतंत्र जागा आहे. तापात, शस्त्रक्रियेनंतर, रक्तातलं सोडियम घसरल्यावर, किंवा रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाल्यावर माणूस बरळू लागतो, दिवस की रात्र कळत नाही, घरच्यांना ओळखत नाही, नसलेली माणसं आणि किडे दिसतात. जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणत. डॉक्टरी भाषेत हा डिलिरियम. तो काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उद्भवतो आणि दिवसातून कमीजास्त होतो. इथे उपचार मूळ शारीरिक कारणावर करायचे असतात, तेही तातडीने. 'आजोबांना भ्रम झाला' असं लिहिलं तर घरचे मनोविकारतज्ज्ञाची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतील. 'आजोबा अचानक संभ्रमात गेले' असं लिहून पुढे 'लगेच रुग्णालयात न्या' असं सांगितलं तर जीव वाचेल.

'भ्रमिष्ट' टाळा. तो माणसाला चिकटतो, लक्षणाला नाही. 'भ्रम असलेली व्यक्ती' लिहायला दोन शब्द जास्त लागतात, लागू द्या. 'छिन्नमनस्कता' या स्किझोफ्रेनियाच्या मराठी नावाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रकात येईलच. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये मांडलेल्या, ग्रीकवरून घडवलेल्या 'स्किझोफ्रेनिया' या शब्दाचा हा सरळ अनुवाद आहे, आणि त्यामुळेच वाचकाला एका देहात दोन माणसं असल्यासारखं वाटतं. तो वेगळाच विकार आहे. 'स्किझोफ्रेनिया' आता पुरेसा रुळला आहे, तोच ठेवा.

संवादाची वाक्यं शब्दशः उतरवू नका, मराठीत घरात जशी बोलली जातात तशी लिहा. वाद घालायचा नाही आणि होकारही भरायचा नाही, हे साधायला असं काही: 'मला तो आवाज येत नाही रे. पण तुला येतोय, आणि तू घाबरलायस, ते मला दिसतंय. मी इथेच बसते.' आणि एक वाक्य चौकटीत, ठळक अक्षरात, कुठलाही पारिभाषिक शब्द न घालता छापा: 'आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर रुग्णाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.'

निर्वस्तुभ्रम आणि विभ्रम शेवटच्या पानावरच्या शब्दसूचीत द्या. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती पत्रक पडलं तर त्याला ते लागतील.