वीरांगना नंतर, आधी तांदळाचा भाव बघ

अगं, तुझा सिनॉप्सिस वाचला. मणिपूर घेतलंस याचा खरंच आनंद झाला, आपल्याकडे इतिहासात एमए करणारी पोरं शिवकाल नाहीतर पेशवाई सोडून फारशी बाहेर पडत नाहीत. पण शीर्षक "ईशान्य सीमेवरच्या वीरांगना", एक चॅप्टर 1930 च्या सुमाराला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या नागा राणी गाइदिन्ल्यूवर, एक उपोषणवाल्या इरोम शर्मिलावर, एक 2004 च्या इंफाळमधल्या कांगला गेटसमोरच्या बायकांच्या आंदोलनावर... म्हणजे मधली सत्तर वर्षं बायका काय करत होत्या? घरी बसल्या होत्या का? या बायकांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण असा प्रबंध लिहिलास तर तो शाळेतल्या भाषणासारखा होईल, तुझ्याकडून मला ते नकोय.

माझं ऐक, सुरुवात बाजारातून कर. इंफाळचा ख्वायरामबंद बाजार, ज्याला आता सगळे ईमा कैथेल (आयांचा बाजार) म्हणतात, जिथे गाळे फक्त बायकांचे. रील्स बघितल्या असशीलच. त्या रील्समध्ये कोणी विचारत नाही की हा बाजार बायकांच्या हातात आला कसा. नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे लालूप, राजाची सक्तीची चाकरी. प्रत्येक धडधाकट पुरुषाने दर 40 दिवसांतले 10 दिवस राजाचं काम करायचं, रस्ते, बंधारे, लढाई, काहीही. त्यात हे राज्य ब्रह्मदेशाच्या तोंडावर, 1819 ते 1826 या सात वर्षांत बर्मी फौजांनी मणिपूर अक्षरशः उजाड केलं, माणसं धरून नेली. मग शेतातलं, मागावरचं आणि विक्रीचं काम कोणी केलं असेल ते सांगायला नको. पण लालूप हे एकमेव कारण धरून बसू नकोस, पुरुष कामावरून परत आले तरी व्यवहार बायकांच्याच हातात राहिला, मग तो त्यांनी टिकवला कसा हा खरा प्रश्न आहे आणि तो मला तरी अजून पुरता सुटलेला दिसत नाही. तू यातच हात घाल.

आता नुपी लान, म्हणजे बायकांची लढाई. तुझ्या सिनॉप्सिसमध्ये 1939 च्या नुपी लानला तीन ओळी आहेत, तीन! आणि त्यातही "अन्यायाविरुद्ध पेटून उठल्या" वगैरे. अगं कशाने पेटल्या ते तरी लिही. गावातून भात विकत घ्यायचं, घरी कांडायचं आणि तांदूळ बाजारात आणून विकायचा, यावर कितीतरी घरं चालायची. मग दिमापूरकडून मोटारींचा रस्ता झाला, बाहेरचे व्यापारी आले, भाताच्या गिरण्या आल्या, व्यापारी थेट भात उचलून गिरणीत घालायला लागले आणि तांदूळ राज्याबाहेर जायला लागला. म्हणजे एकीकडे कांडायचं काम गेलं आणि दुसरीकडे खायचा तांदूळ महाग झाला. 1939 ला पावसाने पीक खराब झालं, भाव चढले, तरी निर्यात चालूच.

12 डिसेंबर 1939 चा दिवस नीट उभा कर, कारण त्यात या बायकांचं डोकं दिसतं. त्या दरबारच्या, म्हणजे संस्थानचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, ऑफिसवर गेल्या, निर्यात बंद करा म्हणाल्या. दरबारचे प्रेसिडेंट, इंग्रज अधिकारी टी. ए. शार्प म्हणाले की महाराजांच्या परवानगीशिवाय मला काही करता येत नाही, आणि महाराज चुराचांद सिंह तेव्हा बंगालमध्ये नवद्वीपला. बरं, मग तार करा! साहेबाला घेऊन बायका थेट तार ऑफिसात, आणि उत्तर येईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही. गर्दी वाढत हजारांवर गेली. मग आसाम रायफल्सचे जवान आले, संगिनी आणि बंदुकीचे दस्ते चालले, 21 बायका जखमी झाल्या. दुसऱ्या दिवशी निर्यातबंदीचा हुकूम निघाला. एवढ्यावर त्या थांबल्या का? नाही. बाजारावर बहिष्कार टाकला आणि तो वर्षाहून जास्त चालवला, म्हणजे स्वतःचीच रोजची कमाई बंद ठेवून. मे 1942 मध्ये इंफाळवर जपानी बॉम्ब पडले आणि सगळंच उधळलं गेलं.

यापुढे इतिहास लिहिणारे काय करतात माहितीये? कॅमेरा हिजाम इराबोतकडे वळवतात. इराबोत मोठा माणूस, राजघराण्याचा जावई असून आंदोलनाच्या बाजूने उभा राहिला, जानेवारी 1940 मध्ये भाषणाबद्दल अटक आणि तीन वर्षांची शिक्षा, सगळं खरं. पण मग वाचणाऱ्याला वाटतं नेता तो आणि बायका गर्दी. तो 12 डिसेंबरला इंफाळमध्ये नव्हताच, नंतर आला! हे ठामपणे लिही, घाबरू नकोस.

1904 पण विसरू नकोस, पहिलं नुपी लान ते. इंफाळमध्ये इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला जळला, आणि पोलिटिकल एजंट मॅक्सवेलने फर्मान काढलं की लोकांनी कबाव खोऱ्यातून लाकूड आणून तो फुकटात बांधून द्यायचा. लालूप तर इंग्रजांनीच 1892 ला बंद करून घरपट्टी लावली होती, आणि आता तीच वेठ मागच्या दाराने परत. राबायचं पुरुषांना होतं, रस्त्यावर आल्या बायका, हजारोंनी. शेवटी हुकूम मागे घ्यावा लागला.

कागदपत्रांबद्दल एक सांगते. सरकारी फाइलींत बाई कधी सापडते? सरकारची झोप उडवते तेव्हा. गाइदिन्ल्यूबद्दल ढिगाने कागद आहेत कारण ऑक्टोबर 1932 ला पकडेपर्यंत सरकार तिच्यासाठी जंगजंग पछाडत होतं, जेमतेम सतरा वर्षांची पोरगी ती, आणि सुटली थेट 1947 ला. पण भात कांडणारीचं नाव कोण कशाला लिहील. म्हणून प्रशासनाचे वार्षिक रिपोर्ट घे आणि त्यातली कंटाळवाणी पानं वाच, निर्यातीचे आकडे, तांदळाचा भाव, बाजाराचा कर, गिरण्यांचे परवाने. कंटाळा येईल, येऊ दे. इंफाळला स्टेट अर्काइव्ह्ज आहे, दिल्लीला नॅशनल अर्काइव्ह्ज आहे, सुरुवात दिल्लीपासून केलीस तरी चालेल.

आणि मणिपूर म्हणजे फक्त खोरं नाही हं. नुपी लान ही मुख्यतः खोऱ्यातल्या मैतेई बायकांची गोष्ट आहे, ती डोंगरातल्या बायकांवर चिकटवू नकोस. तिकडचं जग वेगळं, कारभारही वेगळा. 1917 ला, पहिल्या महायुद्धात, इंग्रजांनी फ्रान्समध्ये हमाली करायला माणसं मागितली म्हणून डोंगरातल्या कुकींचा उठाव झाला, दोन वर्षं चालला, गावं जाळली गेली. त्या काळात मुलंबाळं घेऊन रानात संसार कोणी चालवला हे विचार. तांगखुल नागांमध्ये तर फार सुंदर रीत होती, एका गावातून दुसऱ्या गावात लग्न करून गेलेली बाई दोन्ही गावांची, तिच्यावर कोणी हात टाकायचा नाही, आणि लढाई पेटली की ती मध्ये उभी राहून ती थांबवू शकायची. सासर-माहेर दोन्ही आपलंच म्हटल्यावर दुसरं कोण जाणार? या एका प्रथेवर तू अख्खा चॅप्टर लिहू शकतेस, गाइदिन्ल्यूच्या चॅप्टरची पानं थोडी कमी करून.

मुलाखती घेशील तेव्हा "तुम्हाला तेव्हा काय वाटलं" असलं टीव्हीवाल्यांसारखं विचारू नकोस. गाळा कोणाकडून आला विचार, सासूकडून की आईकडून. भांडवल कुठून उभं केलं, मारूपमध्ये किती जणी होत्या (मारूप म्हणजे आपली भिशीच गं, नंबर लागेल तिला रक्कम), उधारी बुडाली तर काय करायच्या. पैशाचं विचारलं की बायका खुलून बोलतात.

आपल्याकडे इंफाळ म्हटलं की काही घरांत दुसऱ्या महायुद्धातलं 1944 निघतं, मणिपूरमधल्या सांगशाकला मराठा पलटण जपान्यांशी लढली होती ना. तुझ्या आजोबांकडचं कोणी होतं म्हणालीस, ते प्रस्तावनेत घालायचा मोह होईल तुला. घालू नकोस. फार तर अर्पणपत्रिकेत.

जायचं म्हणशील तर आधी मला फोन कर. इनर लाइन परमिट लागतं, ऑनलाइन निघतं, पण 2023 च्या मैतेई-कुकी हिंसाचारापासून खोरं आणि डोंगर यांच्यात ये-जा पूर्वीसारखी राहिली नाही आणि कोण कुठल्या बाजूचं यावरून माणसं एका वाक्यात दुखावतात. मैतेई मैत्रिणीसोबत कुकी गावात जाईन असलं काही डोक्यात असेल तर आधीच काढून टाक. पहिल्या खेपेला एकच भाग कर आणि तिथल्या कॉलेजातल्या कोणाची तरी ओळख काढून जा, एकटी नको. तोवर शीर्षक बदल, आणि 1925 ते 1939 चे तांदळाच्या निर्यातीचे आकडे एका शीटमध्ये टाकून मला पाठव, मग पहिल्या चॅप्टरचं बोलू.